ऑनलाइन फोटोवरून हिऱ्याची क्लॅरिटी कशी ओळखायची: पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

पडद्यावर वीसपट मोठा केलेला हिरा पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास दचकतो. मधोमध काळा ठिपका, कडेला पांढरी रेघ. लगेच ‘हा नको’ म्हणून तो पुढच्या हिऱ्याकडे वळतो. असं करत करत शेवटी व्हीव्हीएस या जवळजवळ निर्दोष दर्जावर जाऊन थांबतो आणि नुसत्या डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या फरकाचे जादा पैसे मोजतो. दुसरीकडे, फोटोत काहीच दिसत नाही म्हणून खूश होऊन ऑर्डर देणारेही असतात, आणि त्यांच्या हातात येतो तो मंद, दुधट खडा.

मी ऑनलाइन हिरा घेतला तेव्हा ढिगानं फोटो, व्हिडिओ आणि सर्टिफिकेटं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. त्यातून पक्कं झालेलं एक मत आधीच सांगतो. हिऱ्यात दोष किती आहे, म्हणजे त्याची क्लॅरिटी काय, ते सर्टिफिकेटवरचा दर्जा सांगतो. तो कुठे आहे आणि कसा आहे ते फोटो सांगतो. दोन्ही एकत्र वाचले तरच निर्णय घेता येतो. आणि काही गोष्टी या दोन्हींतून कळत नाहीत, त्या विचारूनच घ्याव्या लागतात.

आधी हे जवळ ठेवा

- हिऱ्याच्या सर्टिफिकेटची पूर्ण प्रत. नुसता ‘व्हीएस२’ असा उल्लेख पुरत नाही
- त्याच हिऱ्याचा मोठा फोटो आणि फिरता व्हिडिओ
- लॅपटॉप किंवा मोठा पडदा. मोबाइलवर हे काम नीट होत नाही
- साधी मोजपट्टी
- हिरा हातात आल्यावर लागणारं १० पट भिंग, म्हणजे लूप
- विक्रेत्याच्या परतीच्या अटी, लेखी

पडद्याचा नाइट मोड बंद करा आणि ब्राइटनेस मध्यम ठेवा. पिवळसर पडद्यावर सगळेच खडे सारखे दिसतात.

१. दर्जा नेमकं काय सांगतो ते समजून घ्या

जीआयए ही हिरे तपासून सर्टिफिकेट देणारी अमेरिकी संस्था. तिच्या मोजमापात क्लॅरिटीचे ११ दर्जे आहेत, सर्वांत स्वच्छपासून उतरत्या क्रमानं: एफएल, आयएफ, व्हीव्हीएस१, व्हीव्हीएस२, व्हीएस१, व्हीएस२, एसआय१, एसआय२, आय१, आय२ आणि आय३. तपासणी १० पट भिंगाखाली होते. इन्क्लूजनचा आकार, संख्या, जागा, प्रकार आणि उठून दिसण्याचं प्रमाण या पाच गोष्टी एकत्र पाहून दर्जा ठरतो. इन्क्लूजन म्हणजे हिऱ्याच्या आत अडकलेले स्फटिक, बारीक भेगा, ठिपके वगैरे.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हा दर्जा भिंगाखालचा आहे. तुम्ही हिरा घालणार तो भिंगाशिवाय. नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या हिऱ्याला बाजारात ‘आय-क्लीन’ म्हणतात, पण हा शब्द सर्टिफिकेटवर सापडणार नाही. त्याची एकच अशी ठरलेली व्याख्याही नाही. एक विक्रेता हातभर अंतरावरून पाहतो, दुसरा वीतभर अंतरावरून. म्हणून दोन एसआय१ हिऱ्यांपैकी एक डोळ्यांना पूर्ण स्वच्छ असू शकतो आणि दुसऱ्यात ठिपका सरळ दिसू शकतो. या दोघांतला फरक ओळखायला शिकणं हेच पुढचं सगळं काम आहे.

‘एसआय३’ असा दर्जा दिसला तर थांबा. जीआयएच्या ११ दर्ज्यांत तो नाही. सर्टिफिकेट कुणाचं आहे ते आधी पाहा, कारण प्रत्येक प्रयोगशाळेचा हात सारखा कडक नसतो.

२. फोटो त्याच हिऱ्याचा आहे ना?

कंटाळवाणी पायरी आहे, पण वगळू नका. पानावर कुठेतरी बारीक अक्षरात ‘नमुना चित्र’ लिहिलेलं असतं. तसं असेल तर त्या फोटोचा क्लॅरिटीशी काही संबंध नाही आणि त्यावर एक मिनिटही घालवू नका.

सर्टिफिकेटचा क्रमांक प्रयोगशाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. जीआयए आणि आयजीआय (हीसुद्धा हिरे तपासणारी संस्था) दोघांकडे ही सोय आहे. तिथे येणारं वजन, मिलिमीटरमधली मापं आणि दर्जा विक्रेत्याच्या पानाशी जुळवा. वजन जुळतंय पण मापं जुळत नाहीत, असं झालं तर तो दुसराच हिरा आहे. मग सर्टिफिकेटमधली ठळक इन्क्लूजन फोटोत सापडतात का ते बघा. ते कसं करायचं, ते पुढच्या पायरीत.

३. सर्टिफिकेटवरचा प्लॉट आणि त्याखालच्या ओळी

पूर्ण सर्टिफिकेटवर हिऱ्याच्या दोन आकृत्या असतात, एक वरून आणि एक खालून पाहिलेली. त्यावर इन्क्लूजनच्या खुणा काढलेल्या असतात. याला प्लॉट म्हणतात. लाल खुणा आतल्या दोषांच्या, हिरव्या पृष्ठभागावरच्या. कॅव्हिटीसारखे आतून पृष्ठभागापर्यंत उघडणारे दोष लाल-हिरवे दोन्ही रंग वापरून दाखवतात. वरून दिसणारी इन्क्लूजन वरच्या आकृतीवर असतात. फक्त खालून दिसणारी खालच्या आकृतीवर.

फोटो आणि प्लॉट एकाच दिशेला ठेवलेले असतील असं नाही. प्लॉटचा स्क्रीनशॉट घ्या आणि सर्वांत ठळक खूण फोटोतल्या सर्वांत ठळक डागावर येईपर्यंत फिरवत राहा. दोन-तीन खुणा एकदम जुळल्या की हिरा तोच, हे नक्की झालं. पुढे फोटोत एखादी रेघ दिसली आणि प्लॉटवर तिथे काहीच नसलं, तर ती धूळ किंवा प्रतिबिंब असण्याची शक्यता जास्त.

आता खुणांची यादी वाचा. जो दोष सर्वांत महत्त्वाचा, तो सहसा यादीत सर्वांत वर असतो. नवख्यांना लागणारे शब्द एवढेच:

- पिनपॉइंट: अगदी बारीक ठिपका. एकटा असेल तर सोडून द्या.
- क्लाउड: अशा ठिपक्यांचा पुंजका. लहान असेल तर निरुपद्रवी, पसरलेला असेल तर सातवी पायरी वाचा.
- क्रिस्टल: आत अडकलेला स्फटिक. पारदर्शक असेल तर डोळ्यांना क्वचितच दिसतो. काळा असेल तर जागा पाहा. काळ्या ठिपक्याला सरसकट ‘कार्बन’ म्हणतात, पण कित्येकदा तो सल्फाइडचा किंवा दुसऱ्याच एखाद्या खनिजाचा असतो.
- नीडल: सुईसारखी बारीक रेघ. बहुधा दिसत नाही.
- फेदर: भेग. आत मिटलेली असेल तर ठीक, कडेला पृष्ठभागापर्यंत आली असेल तर सावध.
- नॉट, कॅव्हिटी, चिप: पृष्ठभागापर्यंत पोचणारे किंवा पृष्ठभागावरचेच दोष. नवख्यानं फोटोवरून यांच्या वाटेला जाऊ नये.

यानंतरची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: शेऱ्यांची ओळ. तिथे ‘ॲडिशनल क्लाउड्स आर नॉट शोन’ किंवा ‘पिनपॉइंट्स आर नॉट शोन’ असं असेल तर घाबरायचं कारण नाही, हे फार नेहमीचं आहे. पण ‘क्लॅरिटी ग्रेड इज बेस्ड ऑन क्लाउड्स दॅट आर नॉट शोन’ असं असेल आणि दर्जा एसआय१ किंवा एसआय२ असेल, तर प्लॉट जवळजवळ कोरा दिसूनही हिरा दुधट असू शकतो. क्लाउड इतका पसरलेला असतो की आकृतीवर काढायला जागाच उरत नाही. हाच शेरा व्हीएस दर्जावर असेल तर काळजी बरीच कमी, कारण तिथे क्लाउड मुळातच विरळ असतो. नवखा माणूस कोरा प्लॉट पाहून खूश होतो आणि खुणांनी भरलेला प्लॉट पाहून पळतो. प्लॉटवर वीस बारीक टिंबं असलेला व्हीएस२ कोऱ्या प्लॉटच्या एसआय२ पेक्षा कितीतरी बरा असू शकतो.

जीआयएचं छोट्या स्वरूपातलं ‘डॉसिए’ सर्टिफिकेट असेल तर त्यावर प्लॉट नसतो, फक्त दोषांची नावं असतात. मग फोटो-व्हिडिओवरच जास्त विसंबावं लागतं. व्हिडिओही नसेल तर तो हिरा सोडा.

४. डाग खरा किती मोठा आहे ते मोजा

अंदाज बांधण्यापेक्षा मोजणं सोपं आहे. पडद्यावर हिऱ्याची रुंदी मोजपट्टीनं मोजा, मग डागाची मोजा. हिऱ्याची खरी रुंदी सर्टिफिकेटवर मिलिमीटरमध्ये दिलेली असते.

एक कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.५ मिलिमीटर रुंद असतो. तो पडद्यावर १३० मिलिमीटर दिसत असेल तर चित्र २० पट मोठं आहे. त्यातला १ मिलिमीटरचा ठिपका प्रत्यक्षात ०.०५ मिलिमीटरचा. ४ मिलिमीटरचा डाग ०.२ मिलिमीटरचा.

चांगली नजर वीतभर अंतरावरून साधारण ०.१ मिलिमीटरचा ठळक ठिपका ओळखू शकते. म्हणजे पहिला ठिपका कुणाला दिसणार नाही. दुसरा काळा असेल आणि मधोमध असेल तर दिसेल. तोच पांढरा किंवा पारदर्शक असेल तर हिऱ्याच्या चमकेत बहुधा हरवेल, कारण नजरेला आकाराइतकाच रंगातला फरकही लागतो.

आकडे नको असतील तर दुसरी युक्ती आहे. चित्र लहान करत हिरा पडद्यावर खऱ्याच्या चौपट ठेवा, एक कॅरेटच्या गोल हिऱ्यासाठी साधारण २६ मिलिमीटर. आता पडद्यापासून एक मीटर मागे जा. या अंतरावरून तो डोळ्यांना तेवढाच दिसतो जेवढा खरा हिरा २५ सेंटिमीटरवरून दिसला असता. मघाशी भीतिदायक वाटलेला डाग इथून दिसतोय का? नसेल दिसत, तर निदान समोरून पाहताना तो तुमचा प्रश्न नाही. चष्मा लावत असाल तर लावूनच बघा.

५. व्हिडिओ थांबवत थांबवत बघा

नुसता फिरणारा हिरा बघत बसलात तर फक्त चमक दिसते. व्हिडिओ थांबवा, हातानं एकेक फ्रेम पुढे-मागे करा.

आधी हिरा अगदी समोर, तोंड वर केलेला असेल तिथे थांबा. मग दोन्ही बाजूंना थोडंसं, दहा-पंधरा अंशच फिरवा. जे काळे भाग एकदम नाहीसे होतात किंवा काळ्याचे पांढरे होतात ती प्रतिबिंबं आहेत. गोल हिऱ्याच्या मधून निघणारे काळे बाण म्हणजे बहुतेक कॅमेऱ्याचंच प्रतिबिंब, त्यांचा क्लॅरिटीशी संबंध नाही. खरं इन्क्लूजन हिऱ्याबरोबर फिरतं. त्याच्यामागचा पैलू उजळला तरी ते जागेवर राहतं, आणि उजळ पार्श्वभूमीवर तर जास्तच उठून दिसतं.

एकच ठिपका चार-सहा ठिकाणी दिसत असेल तर दोन शक्यता असतात. प्लॉटवर खरंच चार खुणा असतील तर ते वेगवेगळे ठिपके आहेत. खूण एकच असेल तर ते इन्क्लूजन अशा खोलीवर आहे की पैलू त्याची अनेक प्रतिबिंबं पाडतायत. असा हिरा मी तरी घेणार नाही. दर्जा चांगला असला तरी डोळ्यांना एकाऐवजी अनेक ठिपके दिसण्याचा धोका राहतो.

धूळ ओळखायची तर तिचा आकार पाहा. वाकडा-तिकडा धागा, पृष्ठभागावर चिकटलेला, आणि प्लॉटवर ज्याचा पत्ता नाही, ती धूळ. खात्री नसेल तर हिरा पुसून पुन्हा चित्रण करायला सांगा, ही मागणी वावगी नाही.

फोकसकडेही लक्ष द्या. मोठ्या भिंगातून फोटो काढताना थोडीच खोली स्पष्ट येते. टेबलाच्या, म्हणजे वरच्या सपाट पैलूच्या, कडा रेखीव आणि आतल्या पैलूंच्या कडा पुसट असतील, तर आतलं इन्क्लूजनही पुसटच येणार. म्हणजे त्या फोटोत ‘काही दिसत नाही’ याला अर्थ नाही. फोटो गरजेपेक्षा उजळ असेल तेव्हाही तसंच. पांढऱ्या लखलखाटात पांढरी इन्क्लूजन विरघळून जातात.

६. डागाची जागा बघा

टेबल म्हणजे हिऱ्याचा वरचा सपाट, सर्वांत मोठा पैलू. त्याखाली मधोमध असलेला डाग सर्वांत लवकर दिसतो. टेबलाबाहेर, बारीक पैलूंच्या गर्दीत असलेला लपतो. कडेजवळचा लहान डाग अंगठीच्या नख्यांखाली जाऊ शकतो. तसा विचार असेल तर जडवणाऱ्याला आधी विचारा, नख्या तिथेच येतील असं गृहीत धरू नका.

पण कडेच्या जागेचा एक धोका आहे, आणि तो दिसण्याशी नाही, मजबुतीशी संबंधित आहे. व्हिडिओत हिरा आडवा येतो तेव्हा गर्डल, म्हणजे हिऱ्याची कमरेची कड, नीट न्याहाळा. तिथून आत शिरणारी पांढरी भेग दिसली आणि गर्डलही त्याच जागी पातळ असेल, तर जडवताना किंवा ठेच लागल्यावर तिथे टवका उडू शकतो. प्रिन्सेस किंवा पेअरसारख्या टोकदार आकारात भेग टोकाजवळ असेल तर हिरा सरळ नाकारा, मग तो नुसत्या डोळ्यांना कितीही स्वच्छ दिसो.

७. धूसरपणा पकडा

फोटोवरून ओळखायला सर्वांत अवघड गोष्ट हीच. ठिपका बोट ठेवून दाखवता येतो. धूसरपणा सगळ्या हिऱ्यात सारखाच पसरलेला असल्यामुळे नजरेला तोच नेहमीचा वाटू लागतो.

त्यावर उपाय तुलना. त्याच विक्रेत्याकडचा, त्याच पद्धतीनं चित्रित केलेला, त्याच आकाराचा आणि रंगाचा, पण व्हीएस१ किंवा त्यावरचा हिरा दुसऱ्या खिडकीत उघडा. दोन्ही एकाच कोनात थांबवा. काळ्या भागांकडे बघा: स्वच्छ हिऱ्यात ते गडद काळे असतात, धूसर हिऱ्यात करडे. मग टेबलातून आत दिसणाऱ्या पैलूंच्या कडा बघा. त्या ओल्या काचेतून पाहिल्यासारख्या मऊ झाल्या असतील तर शंका पक्की धरा. वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या चित्रांची अशी तुलना करू नका, प्रकाशयोजना बदलली की सगळंच बदलतं.

फ्लुरोसन्सबद्दलही (अतिनील प्रकाशात हिऱ्याचं चमकणं) भीती घातली जाते. ‘स्ट्राँग’ लिहिलेलं दिसलं म्हणून हिरा आपोआप दुधट ठरत नाही. तशा हिऱ्यांपैकी थोड्याच खड्यांत ते जाणवतं. पण ‘व्हेरी स्ट्राँग’ आणि क्लाउडचा शेरा एकत्र दिसले तर विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

८. आकार आणि वजन पाहून दर्जा ठरवा

गोल ब्रिलियंट हिऱ्याच्या तुकड्या-तुकड्यांच्या चमकेत बरंच काही लपतं. एमराल्ड आणि ॲशर या पायऱ्यापायऱ्यांच्या कटमध्ये टेबल मोठं आणि मोकळं असतं, आतलं सगळं सरळ दिसतं. तिथे व्हीएस२ च्या खाली मी जाणार नाही, आणि व्हीएस२ सुद्धा व्हिडिओ पाहूनच. अर्ध्या कॅरेटच्या गोल हिऱ्यात एसआय१ बहुधा चालून जातो. दोन कॅरेटच्या एसआय१ मध्ये इन्क्लूजनही मोठं असू शकतं, म्हणून त्याची चौथी पायरी दोनदा करा.

९. लॅबग्रोन हिरा असेल तर

लॅबग्रोन म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा. पद्धत तीच, दोष थोडे निराळे. एचपीएचटी (प्रचंड दाब आणि उष्णता) पद्धतीच्या हिऱ्यात धातूचे कण अडकलेले असू शकतात. ते गडद किंवा धातूसारखे चमकणारे दिसतात. सीव्हीडी (वायूतून थर वाढवण्याच्या पद्धतीच्या) हिऱ्यात काळे बारीक ठिपके आणि कधी तपकिरी-करडी छटा असते, ती पांढऱ्या पार्श्वभूमीवर आडव्या बाजूनं पाहा. जीआयएनं ऑक्टोबर २०२५ पासून लॅबग्रोन हिऱ्यांना व्हीएस, एसआय असे दर्जे देणं थांबवून ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ अशी विभागणी सुरू केली आहे. त्यामुळे जुन्या-नव्या सर्टिफिकेटांची थेट तुलना होणार नाही.

१०. विक्रेत्याला नेमके प्रश्न विचारा

‘हिरा चांगला आहे ना?’ असं विचारलंत तर ‘हो’ हेच उत्तर येईल. हे प्रश्न जसेच्या तसे लिहून पाठवा आणि उत्तर लेखी मागा:

- हिरा समोर ठेवून, भिंगाशिवाय, वरून २५ सेंटिमीटरवरून पाहिल्यास काही दिसतं का? बाजूनं पाहिल्यास?
- हिऱ्यात कुठे दुधटपणा, तेलकटपणा आहे का?
- तपकिरी, हिरवी किंवा करडी छटा आहे का?
- कुठलं इन्क्लूजन पृष्ठभागापर्यंत आलंय का? आलं असेल तर कुठे?
- भेग भरणं किंवा लेझर ड्रिलिंग केलंय का?

शेवटचा प्रश्न सर्टिफिकेट पक्कं असलं तरी विचारा. भेगा भरलेल्या हिऱ्यांना जीआयए दर्जा देतच नाही. सोनाराच्या ज्योतीच्या उष्णतेनं ते भरण खराब होऊ शकतं. लेझरनं केलेलं छिद्र सर्टिफिकेटवर नोंदवलेलं असतं.

सोबत एक साधा व्हिडिओ मागा: हिरा चिमट्यात धरून, खिडकीजवळच्या उजेडात, मोबाइलवर, झूम न करता, सावकाश तिरका करत. स्टुडिओतल्या दिव्यांत न दिसलेला धूसरपणा या तीस सेकंदांत पुष्कळदा दिसतो. असा व्हिडिओ द्यायला टाळाटाळ होत असेल तर मी तिथून घेत नाही.

११. हिरा हातात आल्यावर

परतीची मुदत कधी सुरू होते, ऑर्डरच्या दिवशी की पोचल्याच्या दिवशी, हे आधीच लिहून घ्या. शक्य असेल तर हिरा सुटाच मागवा. एकदा जडवला की बरेच विक्रेते परत घेत नाहीत, आणि कडेची इन्क्लूजन नख्यांखाली जातात.

आधी कोमट पाणी आणि साध्या भांड्याच्या साबणानं धुऊन, धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसा. बोटाच्या तेलानं चांगला हिराही मंद दिसतो. मग भिंग न घेता पाहा: खिडकीच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली आणि झाडाच्या किंवा छताच्या सावलीत. सावलीत निस्तेज पडणारा हिरा कोपऱ्यात ठेवा, त्याची सातवी पायरी पुन्हा करा.

भिंग शेवटी. ते डोळ्याला अगदी टेकवा आणि हिरा भिंगाकडे आणा, साधारण अडीच सेंटिमीटरवर चित्र स्पष्ट होतं. गर्डलवर क्रमांक कोरलेला असेल तर तो सर्टिफिकेटशी जुळवा. दहा पटीत तो वाचायला थोडा वेळ लागतो, हिरा हळूहळू फिरवत राहा. नंतर प्लॉटवरची सर्वांत ठळक दोन इन्क्लूजन शोधा आणि त्यांचे फोटो स्वतःच्या मोबाइलनं भिंगातून काढून ठेवा. जडवायला देताना हेच फोटो सोनाराला दाखवा आणि कडेची भेग असेल तर ती नेमकी कुठे आहे ते सांगा, म्हणजे तो तिथे नखी दाबणार नाही. दागिना परत आला की तेच दोन डाग आणि तोच क्रमांक पुन्हा तपासा. क्रमांक नखीखाली गेला असेल तर डागांवरून खडा ओळखता येतो.